धोटा, मोटर आणि सुईपुढचा हात

(मंचाच्या वार्षिक बैठकीत सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला 'कापड उद्योगातले यांत्रिक शोध' असा विषय दिला आहे. एरवी आपल्या मंचावर बोललं जातं ते जातिअंत, शेतीचं पाणी, मराठी शाळा, अंधश्रद्धा निर्मूलन यांवर. या यादीत सेन्सर आणि मोटर कुठे बसतात, असं काहींच्या मनात आलं असेल. म्हणून आधीच सांगते. आज दुपारी आपल्यापुढे एक ठराव येणार आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका महिला गटाला चाळीस शिलाई यंत्रं घेऊन देण्याचा. हा गट शाळांचे गणवेश शिवतो. ठराव चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूचीच आहे. पण कोणतं यंत्र, त्यावर कोणती मोटर, आणि त्यापुढे बसणाऱ्या बाईला आपण काय समजतो, या तीन गोष्टींचा विचार झाल्याशिवाय त्यावर हात वर करू नयेत, असं मला वाटतं. मी आज बोलणार आहे ते त्याविषयीच.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. अमेरिकेत येऊन तीस वर्षं झाली. त्यातली बरीचशी कापड विणणाऱ्या आणि कपडे शिवणाऱ्या यंत्रांबरोबर गेली. समोर बसलेले बहुतेक जण सॉफ्टवेअर, औषधं किंवा बँकिंगमधले आहेत, तेव्हा तांत्रिक भाग होईल तेवढा साधा ठेवते.

जाणणं, हलवणं, धरणं

कोणतंही काम यंत्राकडे सोपवायचं तर तीन गोष्टी लागतात. काय चाललं आहे ते यंत्राला कळलं पाहिजे. हे सेन्सरचं काम. हालचाल झाली पाहिजे. हे मोटरचं काम. आणि ज्या वस्तूवर काम करायचं ती नीट उचलता, धरता, सरकवता आली पाहिजे. याला आम्ही हाताळणी म्हणतो.

वस्तू पोलादाचा पत्रा असेल तर हाताळणी सोपी असते. पत्रा जिथे ठेवाल तिथे राहतो, एका कोपऱ्याला धरून उचलला तर दुसरा कोपरा कुठे असेल ते आधीच सांगता येतं. म्हणून मोटारीचं दार यंत्रमानव कधीपासून जोडतो आहे. कापडाचं तसं नाही. रुमाल एका कोपऱ्याला धरून उचला आणि बाकीचे तीन कोपरे कुठे जातील ते सांगून बघा. कापड उभं ओढलं तर एक वागतं, आडवं ओढलं तर दुसरं, तिरकं ओढलं तर तिसरंच. हवेत दमटपणा असला की त्याचा स्वभाव पुन्हा बदलतो. या एका गोष्टीभोवती वस्त्रोद्योगातले गेल्या अडीचशे-तीनशे वर्षांतले कितीतरी शोध फिरत आले आहेत.

मागावरचा पहिला सेन्सर

सेन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चिप येते. मागावरचे सेन्सर मात्र विजेच्याही आधीचे आहेत. १७३३ साली जॉन के या इंग्रज माणसाने दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा काढला. १७८५ मध्ये एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचं पहिलं पेटंट घेतलं. माग वेगाने चालू लागला आणि नवीच अडचण उभी राहिली. धागा तुटला तरी माग चालूच राहायचा आणि वारभर कापड वाया जायचं. त्यावर एकोणिसाव्या शतकात उपाय निघाले. आडव्या धाग्यासाठी एक छोटा काटा बसवला. धागा असेल तर तो काट्याला हलकेच ढकलतो आणि माग चालू राहतो. धागा नसेल तर काटा ढकलला जात नाही, त्याचा आकडा अडकतो आणि माग बंद पडतो. उभ्या धाग्यांसाठी प्रत्येक धाग्यावर पत्र्याची बारीक पट्टी टांगली. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. ना वीज, ना इलेक्ट्रॉनिक्स. पण जाणणं आणि थांबणं ही दोन्ही कामं होतात. यातला 'थांबणं' हा शब्द लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आता धोट्याविषयी. धोटा म्हणजे आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन ताण्यातून इकडून तिकडे धावणारी छोटी लाकडी होडी. इचलकरंजीचे किंवा सोलापूरचे लोक इथे असतील त्यांना हे सांगायला नको. कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बाजूच्या भोकातून बाहेर काढायचं. त्याचा झटपट मार्ग एकच होता. भोकाला तोंड लावायचं आणि धागा श्वासाने ओढून घ्यायचा. दिवसातून कितीतरी वेळा. एकच धोटा अनेकांच्या तोंडी जायचा. तंतू छातीत जायचे, आणि एकाचा रोग दुसऱ्याला होण्याची भीती वेगळीच. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत या प्रकाराला 'धोट्याचं चुंबन' म्हणत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये त्यावर बंदी घातली. लँकेशायरमध्ये बंदी यायला १९५२ साल उजाडलं.

तिकडे हा आरोग्याचा प्रश्न होता. आपल्या मुंबईत तोच धोटा जातीचा प्रश्न झाला. गिरण्यांच्या विणकाम खात्यात सूतकताईपेक्षा मजुरी चांगली मिळे, आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता. ज्या धोट्याला त्यांचं तोंड लागेल त्याला आम्ही तोंड कसं लावायचं, असं सवर्ण विणकर म्हणत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. कामगारांच्या एकजुटीची भाषा करायची आणि कामगारांतल्याच एका वर्गाला चांगल्या मजुरीचं खातं बंद ठेवायचं, हे त्यांना मान्य नव्हतं.

हा इतिहास आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. त्याची यांत्रिक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. जेम्स नॉर्थ्रॉप हा यॉर्कशायरमधल्या कीघली गावचा यंत्रकारागीर. तो आपल्यासारखाच देश सोडून मॅसॅच्युसेट्समधल्या होपडेलला आला आणि ड्रेपर कंपनीत कामाला लागला. १८९० च्या दशकात त्याच्या नावाचा स्वयंचलित माग बाजारात आला. त्यात कांडी संपत आली की माग न थांबवता यंत्रच नवी कांडी धोट्यात बसवत असे, आणि धागाही आपोआप ओवला जात असे. तोंड लावायची गरजच उरली नाही. पुढे जपानमध्ये साकिची टोयोडा यांनीही आपोआप ओवला जाणारा धोटा केला, आणि १९२४ मध्ये त्यांचा 'जी टाइप' माग तयार झाला. तो इतका सरस ठरला की १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. हे घराणं मोटारींमुळे आज जगाला ठाऊक आहे, पण त्याची सुरुवात मागापासून झाली.

साल जुळवून बघा. १९२८ मध्ये मुंबईत तोंड लावण्यावरून वाद चालू होता, तेव्हा तोंड न लावता ओवला जाणारा धोटा तीस वर्षांहून जुना झाला होता. पूर्ण स्वयंचलित माग महाग वाटत असेल तर हाताने ओवता येणारे धोटेही मिळत होते. मग ते का आले नाहीत? कारण माणूस स्वस्त होता. स्वस्त माणसाच्या छातीत काय जातं आणि त्याच्या शेजारी कोणाला उभं राहू दिलं जात नाही, याचा हिशेब गिरणीच्या खतावणीत कुठे नव्हता. आपल्याकडे स्वयंचलित माग फार उशिरा आले, आणि आले तेही थोडे.

यंत्र बदललं असतं तर जात गेली असती, असं मी म्हणत नाही. जात दुसरं निमित्त शोधते, हे आपण सगळे जाणतो. मी एवढंच म्हणते की एक निमित्त एका सुट्या भागाने काढून घेता आलं असतं, आणि ते काढून घेणं कुणाला गरजेचं वाटलं नाही. कोणता शोध वापरायचा आणि कोणता नाही, हा निर्णय तांत्रिक कधीच नसतो.

शिलाई यंत्रापुढे अजून माणूस का?

आता शिवणकामाकडे येऊ. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० मध्ये शिलाई यंत्राचं पेटंट घेतलं आणि सैन्याचे गणवेश शिवायला कारखाना काढला. पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांनी तो मोडून टाकला. अमेरिकेत वॉल्टर हंटने साधारण त्याच काळात दोन धाग्यांचा टाका घालणारं यंत्र केलं, पण पेटंट घेतलं नाही. शिवणाऱ्या बायका बेकार होतील अशी काळजी घरातूनच व्यक्त झाली, असं सांगतात. मग १८४६ मध्ये इलायस हाऊचं पेटंट आलं, १८५१ मध्ये आयझॅक सिंगरचं. तिथून पुढची गोष्ट घराघरांत पोचली. आपल्या आई-आज्यांच्या घरची पायाची मशीन हे तिचंच रूप.

तेव्हापासून आजपर्यंत काय बदललं? सुई वेगवान झाली. कारखान्यातलं साधं यंत्र आज मिनिटाला ५,००० टाक्यांपर्यंत जाऊ शकतं. पण यंत्रापुढची खुर्ची रिकामी झाली नाही. कारण शिवताना बहुतेक वेळ सुई चालण्यात जातच नाही. तो जातो गठ्ठ्यातून तुकडा उचलण्यात, दोन कडा जुळवण्यात, कापड सुईखाली सरकवण्यात, वळवण्यात आणि बाजूला ठेवण्यात. म्हणजे हाताळणीत. ते काम यंत्राला जमलेलं नाही.

न जमण्याचं कारण प्रयत्नांचा अभाव हे नाही. १९८० च्या दशकात जपान सरकारने स्वयंचलित शिवणकामाचा मोठा राष्ट्रीय प्रकल्प चालवला. अमेरिकेत त्याच सुमाराला कापड उद्योग, कामगार संघटना आणि सरकार यांनी मिळून असाच प्रयत्न केला, आणि त्यात अंतराळयानांची मार्गदर्शन यंत्रणा बनवणारी ड्रेपर प्रयोगशाळा होती. ज्या प्रयोगशाळेने अपोलो यानाला चंद्राची वाट दाखवली, तिला कोटाची बाही सहज जमली नाही. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा थोडा लांब कापलेला असतो. ती जास्तीची लांबी चुणी न पडता मुरवावी लागते. शिवणारी बाई ते बोटांच्या दाबाने करते, आणि कसं करते ते विचारलं तर तिला शब्दांत सांगता येत नाही.

काही ठिकाणी यश आलं, आणि ते कसं आलं हे पाहण्यासारखं आहे. हाइन्झ योझेफ गर्बर हा व्हिएन्नाचा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये आईबरोबर अमेरिकेत आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने कापड कापणारं संगणकचालित यंत्र केलं. कापडाचे थर एकमेकांवरून घसरतात ही त्यातली मुख्य अडचण. त्याने थरांवर प्लास्टिकचा पातळ कागद टाकला आणि खालून हवा ओढून घेतली. सगळा गठ्ठा दाबला जाऊन पाटासारखा घट्ट झाला, आणि मग पातं सरळ फिरलं. म्हणजे त्याने कापडाचा कापडपणा तेवढ्यापुरता काढून घेतला. २०१६ मध्ये पुढे आलेल्या 'सोबो' या प्रयोगात हेच तत्त्व होतं. कापडाला पाण्यात विरघळणारी खळ देऊन पुठ्ठ्यासारखं ताठ करायचं, यंत्रमानवाकडून टी-शर्ट शिवून घ्यायचा आणि शेवटी धुऊन खळ काढायची. अटलांटाच्या 'सॉफ्टवेअर ऑटोमेशन' या कंपनीने दुसरी वाट धरली. नावातला 'वेअर' कपड्यांचा आहे, संगणकाचा नाही. २०१२ मध्ये त्यांना अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेकडून, डार्पाकडून, पैसे मिळाले. त्यांनी कॅमेऱ्याने कापडातल्या धाग्यांवर नजर ठेवून कापड सरकवण्याचं तंत्र विकसित केलं.

मी स्वतः काही वर्षं एका प्रयोगशाळेत गठ्ठ्यातून कापडाचा एकच पदर उचलण्याच्या प्रश्नावर काम केलं. ऐकायला सोपं वाटतं. नोटा मोजताना दोन नोटा चिकटतात, तसे कापडाचे पदर चिकटतात, फक्त त्याहून वाईट. आम्ही बारीक सुयांचे चिमटे वापरून पाहिले, पण नाजूक कापडाला भोकं पडतात. हवा ओढून उचलायला गेलो तर कापडातून हवा आरपार जाते आणि खालचा पदरही वर येतो. स्थिर विजेने उचलणारी पट्टी बनवली, तर दमट दिवशी ती रुसून बसायची. शेवटी कारखान्यातून एका अनुभवी शिवणारणीला बोलावलं आणि तिच्या हाताचं चित्रीकरण केलं. ती अंगठ्याने वरचा पदर किंचित पुढे ढकलायची, त्याला बारीक फुगा यायचा आणि तो ती चिमटीत पकडायची. या सगळ्याला एक सेकंदसुद्धा लागत नसे. कापड बदललं की तिचा दाब बदलायचा. दोन पदर आले तर न बघता तिला कळायचं. त्या एका अंगठ्यात आमचे तिन्ही विभाग होते, सेन्सर, मोटर आणि हाताळणी. आमच्या अहवालात तिला 'ऑपरेटर क्रमांक दोन' म्हटलं होतं, आणि तिच्या पगाराच्या कागदावर शिक्का होता 'अर्धकुशल'.

माझ्या आजच्या बोलण्याचा मध्य इथे आहे. जगातल्या उत्तम प्रयोगशाळांना चाळीस वर्षांत जे पुरतं जमलं नाही ते काम करणाऱ्या बाईला आपण अकुशल किंवा अर्धकुशल म्हणतो. तिची मजुरी कमी आहे याचं कारण काम सोपं आहे हे नाही. ते काम मुली लहानपणापासून घरातच शिकतात. शिकवण्याचा खर्च कोणी केला नाही, म्हणून त्या शिक्षणाची किंमत शून्य धरली जाते. आणि कमी मजुरीला तयार असणाऱ्या बायका मिळत राहतात, एका देशात नाहीत तर दुसऱ्या देशात.

मोटर बदलली की काय बदलतं

आता मोटर. कारखान्यातल्या जुन्या शिलाई यंत्राखाली क्लच मोटर असते. बटण दाबलं की ती फिरू लागते आणि दिवसभर फिरतच राहते. पाय दाबला की क्लच लागतो आणि सुई चालते. पाय काढला तरी मोटर थांबत नाही. मघाशी सांगितलं तसं सुई थोडाच वेळ चालते, म्हणजे बाकी वेळ वीज फुकट जाते आणि तिची उष्णता त्याच खोलीत राहते. सोबत दिवसभराची घरघर आणि टेबलाची थरथर. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये अशी चाळीस यंत्रं असतील तर काय होईल ते मी सांगायला नको.

सर्व्हो मोटर वेगळी चालते. पाय दाबला तरच ती फिरते. तिच्यात बसवलेला सेन्सर आस कोणत्या कोनात आहे ते सतत सांगत असतो. त्यामुळे सुई हवी तिथे, वर किंवा खाली, नेमकी थांबवता येते. वेग ठरवून देता येतो. नव्या शिकणारीला मिनिटाला ५०० टाक्यांवर सुरुवात करता येते, आणि बोटात सुई जाण्याची भीती कमी होते. वीज वाचते, आवाज जवळजवळ नाहीसा होतो. किंमत क्लच मोटरपेक्षा जास्त, पण दिवसभर चालणाऱ्या यंत्राला विजेच्या बिलातून ती भरून निघते.

दुसरी बाजूही सांगते, कारण आपण इथे जाहिरात करायला बसलेलो नाही. क्लच मोटर जळली तर तालुक्याच्या गावात ती पुन्हा गुंडाळून देणारा मिळतो. सर्व्हो मोटरचा इलेक्ट्रॉनिक पट्टा गेला तर तो बदलावाच लागतो. विजेचा दाब वरखाली होत असेल तर तो जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे मोटरीबरोबर दाब स्थिर ठेवणारं उपकरण आणि काही सुटे पट्टे दिले नाहीत, तर दोन वर्षांनी तिथे बंद यंत्रांची ओळ दिसेल. देणगीच्या यंत्रांची अशी गत झालेली आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिली आहे.

तिसरी बाजू जास्त नाजूक आहे. ज्या सेन्सरमुळे सुई नेमकी थांबते, तोच सेन्सर टाकेही मोजतो. आज मोठ्या कारखान्यांत यंत्रं जाळ्याने जोडलेली असतात, आणि कोणत्या खुर्चीवरची सुई किती वेळ थांबली ते देखरेख करणाऱ्याला पडद्यावर दिसतं. लघवीला गेलेली पाच मिनिटंही त्यात येतात. हीच नोंद गटाच्या बायकांच्या हातात असेल तर तिचा उपयोग वेगळा होतो. एका शर्टाला खरोखर किती वेळ लागतो ते त्यांना कळतं, आणि ठेकेदार नगाला पडेल तो भाव सांगतो तेव्हा तो आकडा पुढे ठेवता येतो. सेन्सर तोच. नोंदवही कोणाकडे, एवढाच प्रश्न.

थांबवण्याचा हक्क

मघाशी 'थांबणं' हा शब्द लक्षात ठेवा म्हटलं होतं. टोयोडांच्या मागाचं मोठेपण त्याच्या वेगात नव्हतं. काही बिघडलं की माग स्वतः थांबतो आणि खराब माल पुढे जाऊ देत नाही, यात होतं. पुढे मोटारींच्या कारखान्यात हाच विचार माणसांपर्यंत नेला. कामगाराला दोष दिसला तर तो दोरी ओढून मदत मागतो आणि गरज पडली तर सगळी ओळ थांबते. म्हणजे जाणणाऱ्याच्याच हाती थांबवण्याचा अधिकार दिला. माझ्या मते विसाव्या शतकातल्या उत्पादनतंत्रातला हा फार मोठा शोध आहे.

आता २४ एप्रिल २०१३ आठवा. ढाक्याजवळ सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसं गेली. त्यातली बहुतेक कपडे शिवणारी होती. भिंतींना भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. खालच्या मजल्यांवरची दुकानं आणि बँक बंद ठेवली गेली. शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं गेलं, न आल्यास पगार कापण्याची धमकी देऊन. तिथे सेन्सरची कमतरता नव्हती. हजारो डोळ्यांनी भेगा पाहिल्या होत्या. ओढायला दोरी नव्हती. त्यानंतर कामगार संघटना आणि विदेशी ब्रँड यांच्यात कायद्याने बांधील असा करार झाला, आणि धोकादायक जागी काम नाकारण्याचा हक्क त्यात लिहिला गेला. इतकी माणसं गेल्यावर ती दोरी मिळाली.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेतली आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या पाहा. आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, काम करताना दुखापत झाली तर भरपाई. गिरण्या बंद करा असं त्यात कुठेही नाही. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. यंत्राला विरोध न करता यंत्र कधी थांबेल ते कामगारांनी ठरवायचं, ही आपली परंपरा आहे आणि तिचा आपण अभिमान बाळगावा.

ठरावाविषयी

कोणी विचारेल, उद्या यंत्रमानव येणार असतील तर आज चाळीस बायकांना शिवायला बसवून काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की सगळं शिवणकाम एकदम जाणार नाही. सरळ शिलाईचं, एकाच मापाचं, लाखोंच्या संख्येचं काम आधी जाईल. टॉवेलची कड, उशीचा अभ्रा अशी कामं यंत्रं आजही आपोआप करतात. सोलापूर टॉवेलचं गाव आहे, हे लक्षात घ्या. गणवेशाचं काम जरा वेगळं आहे. वीस मापं, प्रत्येक शाळेचा वेगळा खिसा, वेगळी कॉलर, लहान लहान ऑर्डरी आणि जून महिन्याची घाई. इथे माणसाचा हात बराच काळ वरचढ राहील. म्हणून गटाने जायचं ते अशा कामाकडे, कड मारण्याच्या कामाकडे नाही.

ठरावात मी तीन दुरुस्त्या सुचवते.

पहिली, चाळीसऐवजी तीस यंत्रं घ्यावीत, पण सर्व्हो मोटरची. उरलेल्या पैशात विजेचा दाब स्थिर ठेवणारी उपकरणं, सुटे भाग आणि बसायच्या नीट खुर्च्या घ्याव्यात. पाठ गेली की हात कितीही कुशल असला तरी उपयोग नाही.

दुसरी, गटातल्या किमान चार बायकांना यंत्रदुरुस्तीचं रीतसर प्रशिक्षण द्यावं. शिवणाऱ्या बाया आणि दुरुस्त करणारा पुरुष ही विभागणी बहुतेक कारखान्यांत आहे, आणि दुरुस्त करणाऱ्याचा पगार जास्त असतो. विणकाम खात्याच्या दारावरची पाटी आपण मघाशी पाहिली. ही पाटीही तशीच आहे, फक्त तिच्यावर कोणी काही लिहिलेलं नसतं. प्रशिक्षणाचे पहिले आठ दिवस मी स्वतः सुट्टी काढून तिथे जायला तयार आहे.

तिसरी, यंत्रांची मालकी, टाक्यांची नोंद आणि काम थांबवण्याचा हक्क गटाकडे राहील, असं देणगीच्या पत्रात स्पष्ट लिहावं. ठेकेदार मध्ये आला तरी या तीन गोष्टी त्याच्याकडे जाणार नाहीत.

तीस यंत्रं म्हणजे दहा बायका कमी, असा आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. त्या दहा जणींची नावं यादीत आहेत. त्यांना दोन पाळ्यांत कसं सामावून घेता येईल हे गटाला विचारूनच ठरवावं लागेल. मी इथून ते ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये. म्हणून दुरुस्त्या मंजूर झाल्या तरी अंतिम निर्णय गटाशी बोलल्यावरच घ्यावा, एवढी विनंती करते.

मोटरींच्या किमती आणि विजेच्या खर्चाचा तक्ता छापून आणला आहे, तो मागच्या टेबलावर ठेवला आहे. जेवणाच्या सुट्टीत पाहून घ्या आणि दुपारी त्यावर हवे तेवढे प्रश्न विचारा.